उभी गाडी गरम होते: जुन्या गाडीचा दोष कुठून आणि कसा शोधायचा

दाभोळच्या जेट्टीवर मे महिन्यात भर दुपारी गाड्यांची रांग लागलेली असते. इंजिन चालू, एसी चालू, ऊन डोक्यावर. दापोलीपासून चढउतार करत येईपर्यंत टेम्परेचरचा काटा मध्यावर गप्प होता. रांगेत दहा-पंधरा मिनिटं उभं राहिल्यावर तो वर सरकायला लागतो. पलीकडे धोपाव्याला उतरून गुहागरच्या रस्त्याला लागलं की परत खाली येतो. गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात तेव्हाही हेच होतं. अशा वेळी कोणी सांगतो रेडिएटर बदला, कोणी म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं पॅकिंग) गेलं, कोणी नुसतंच 'गाडी जुनी झाली, विकून टाका' म्हणून मोकळा होतो.

यातलं काहीही करण्याआधी एक गोष्ट नीट पाहा. गाडी पळताना गार आणि उभी असताना गरम, हे फार बोलकं लक्षण आहे. पळत्या गाडीत समोरचा वारा आपोआप रेडिएटरच्या जाळीतून जातो, पंख्याचं तिथे फारसं काम नसतं. गाडी थांबली की वारा थांबला. मग पंखा जेवढी हवा ओढेल तेवढीच. म्हणून उभ्या गाडीच्या आजाराचा पहिला संशयित पंखा, त्याची वायरिंग आणि जाळीतून हवा जायची वाट. उलट गाडी उभी असताना ठीक, पण आंबा घाट किंवा कुंभार्ली चढताना तापत असेल, तर संशय आतून चोंदलेल्या रेडिएटरवर, थर्मोस्टॅटवर (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या झडपेवर) किंवा पाणी फिरवणाऱ्या पंपावर घ्यावा. हा फरक मेकॅनिकला पहिल्याच वाक्यात सांगा. 'गाडी हीट होते' एवढंच सांगितलंत तर तो बिचारा कुठूनही सुरुवात करेल.

काटा चढतोय, आता या क्षणी काय?

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात; मे महिन्यात हा छळ वाटेल, पण हीटरची जाळी हाही एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनची बरीच उष्णता बाहेर काढतो. काचा खाली घ्या. काटा लाल पट्टीच्या जवळ गेला, वाफ दिसली किंवा गोडसर वास आला तर बाजूला घेऊन इंजिन बंद. तिथे 'जेट्टी दोनशे मीटरवरच तर आहे' असा हिशेब करू नका. ॲल्युमिनियमचं हेड वाकायला तेवढं पुरतं.

आणि रेडिएटरची कॅप उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं. कॅपवर ०.९ असा आकडा असेल तर ती ०.९ बार दाब धरते आणि त्या दाबात साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. कॅप फिरवली की दाब सुटतो आणि ते पाणी क्षणात उसळून तोंडावर, हातावर येतं. कपडा धरून उघडतात ते लोक नशिबावर चालतात. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा जाड होज पाइप हाताने सहज दाबता आला आणि बोटांना चटका बसला नाही, तरच कॅपला हात लावा. तापलेल्या इंजिनवर बादलीभर गार पाणी ओतण्याचा मोहही टाळा, त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

घरी, सकाळी, गार इंजिनावर

खरी तपासणी इथे सुरू होते. लागणारं सामान फार नाही: टॉर्च, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, हातभर लांबीच्या दोन वायरी, एक कागद आणि हातमोजे.

आधी पाणी. बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीतली पातळी बघून समाधान मानू नका. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, हे जुन्या गाडीत सर्रास आढळतं. रेडिएटरला स्वतःची कॅप असेल तर ती उघडून आत पाहा. पाणी काठापर्यंत हवं. रंगही पाहा. हिरवा, लाल किंवा निळा स्वच्छ असेल तर ठीक, तो कूलंटचा, म्हणजे रेडिएटरसाठीच्या रंगीत द्रवाचा रंग. तांबूस गढूळ असेल तर आत गंज आहे. वर तेलकट साय तरंगत असेल तर थांबा आणि गॅस्केटबद्दलचा भाग आधी वाचा.

पाणी कमी असेल तर ते गेलं कुठे, हा पुढचा प्रश्न. होज पाइपांच्या क्लिपांपाशी, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या सांध्यावर आणि वॉटर पंपाच्या खाली वाळलेले पांढरट किंवा हिरवट ओघळ शोधा. डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं आणि चिकट लागलं तर हीटरची जाळी गळतेय. पावसाळ्यात गाडीत सगळंच ओलं असतं, तेव्हा बोटाने चिकटपणा पाहा, नुसत्या ओलीवर जाऊ नका.

भरताना विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घालू नका. खाडीकाठच्या विहिरी मचूळ असतात, जांभ्यातल्या बोअरच्या पाण्यात बरेचदा लोह असतं. दोन्ही रेडिएटरच्या आत थर धरतात. वाटेत अडलात तर प्यायच्या बाटलीतलं पाणी घाला, त्यात गैर नाही, पण नंतर ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरा. कूलंट तयार मिळतं की पाणी मिसळायचं असतं ते डब्यावर वाचा. आणि सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका, त्याला गोडी असते, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

पंखा फिरतो का?

आता गाडी सुरू करा, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून. बॉनेट उघडा. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी दूर. विजेचा पंखा इशारा न देता सुरू होतो, काही गाड्यांत तर चावी बंद केल्यावरही.

एसी लावा. मारुती ८००, झेन, अल्टो, सँट्रो, इंडिका अशा गाड्यांत एसी लागला की एक तरी पंखा लगेच फिरायला हवा. कोणत्या गाडीत एकच पंखा दोन्ही कामं करतो, कोणत्यात रेडिएटरचा आणि कंडेन्सरचा (त्याच्या पुढच्या एसीच्या जाळीचा) वेगळा असतो. तुमच्या गाडीत किती आहेत ते मोजून घ्या. मग एसी बंद करून गाडी तशीच चालू ठेवा. साधारण पंधरा-वीस मिनिटांत काटा मध्यावर येईल, त्याच्या किंचित वर गेल्यावर रेडिएटरचा पंखा लागेल, दोन-तीन मिनिटं फिरेल, बंद होईल, पुन्हा लागेल. बहुतेक जुन्या गाड्यांत तो ९२ ते ९८ अंशांच्या दरम्यान कधीतरी लागतो. काटा मध्याच्या बराच वर गेला आणि पंखा गप्प असेल तर इंजिन बंद करा. दोष सापडला, आता त्याचं मूळ शोधायचं.

एसीवर तोच पंखा फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, म्हणजे मोटर ठीक आहे आणि तिला 'आता फिर' असं सांगणारा स्विच किंवा सेन्सर मेलाय. कशावरच फिरत नसेल तर फ्यूज, रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी), वायर किंवा मोटर.

फ्यूज काढून उजेडात धरा. तार तुटलेली नसली तरी त्याचे पाय पाहा. किनाऱ्यालगतच्या गावात निम्मे रोग इथेच सापडतात. समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ आणि चार महिन्यांची ओल, यांनी कनेक्टरच्या आत हिरवी-पांढरी बुरशी धरते. टेस्ट लॅम्पला थोडा करंट पुरतो म्हणून तो पेटतो, पण पंख्याला भरपूर करंट लागतो आणि तो त्या कुजलेल्या सांध्यातून जात नाही. मग 'लाइट येतोय, म्हणजे मोटर गेली' असा निष्कर्ष काढून चांगली मोटर फेकली जाते. कनेक्टर सोडवा, बारीक पॉलिश पेपरने पाय घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, मग जोडा. बॉडीला बोल्टने घट्ट केलेली पंख्याची काळी अर्थ वायरही काढून, पत्रा चकचकीत करून परत बसवा. अर्थकडे कोणी बघत नाही आणि तिथेच घोडं अडतं.

रिले तपासायची सोपी युक्ती म्हणजे अदलाबदल. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर तो पंख्याच्या जागी लावा. पंखा फिरला तर रिले बदला. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा घालू नका, तार तर मुळीच नाही. मग जळेल ती वायरिंग.

मोटर थेट तपासायची तर तिचा कनेक्टर काढा आणि दोन वायरींनी बॅटरीवरून सप्लाय द्या. धन-ऋण मूळ जोडणीप्रमाणेच हवं, उलटं दिलं तर बऱ्याच मोटरी उलट्या फिरतात. पंखा दणक्यात सुरू झाला तर मोटर बरी. कण्हत, कुरकुरत, हळू फिरला, किंवा पाठीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक केल्यावरच फिरला, तर ब्रश झिजलेत. चांगला वायरमन ब्रश बदलून देतो, पण बुशही गेलं असेल तर नवी मोटरच परवडते.

चाकरमान्यांच्या गाड्यांची इथे वेगळी गोष्ट. गणपती झाले की गाडी गावच्या खळ्यात ताडपत्रीखाली जाते ती थेट मे महिन्यात उघडते. तेवढ्यात उंदरांनी वायर कुरतडलेली असते आणि पंख्याची मोटर जागच्या जागी जाम झालेली असते. अशी गाडी बाहेर काढताना बॅटरीइतकंच लक्ष पंख्याकडे द्या. इंजिन बंद, बॅटरीची ऋण वायर सोडलेली, आणि पातं हाताने फिरवून पाहा. मोकळं फिरायला हवं.

तापमानाचा स्विच: जुन्या साध्या गाड्यांत तो रेडिएटरवर किंवा थर्मोस्टॅटच्या घराजवळ बसवलेला, दोन वायरींचा असतो. चावी ऑन करून, कनेक्टर काढून त्या दोन टोकांना वायरीने जोडा. पंखा लागला तर स्विच खराब. ज्या गाडीत कॉम्प्युटर आहे तिथे हा उद्योग करू नका. तिथे सेन्सरचा कनेक्टर नुसता काढला तरी बऱ्याच गाड्या सावधगिरी म्हणून पंखा चालू करतात, इंजिन चेकचा दिवाही लागतो. तसा पंखा लागला तर वायरिंग, रिले, मोटर सगळं ठीक आहे आणि संशय सेन्सरवर जातो.

गॅरेजवाला म्हणेल, 'पंखा डायरेक्ट करून देतो.' रत्नागिरीहून देवगडला घरी पोचायचं असेल तर जरूर करून घ्या. कायमचं मात्र नको. डॅशबोर्डवर बटण बसवलं की ते दाबायला एक दिवस कोणीतरी विसरतो, आणि तो कोणीतरी बहुधा गाडी मागून नेलेला मेहुणा असतो.

बोलेरो, सुमो, जुन्या जीपा यांच्यातल्या बऱ्याच गाड्यांत पंखा विजेचा नसून इंजिनच फिरवतं आणि मध्ये व्हिस्कस कपलिंग, म्हणजे तापल्यावर पंख्याला इंजिनशी घट्ट जोडणारा जोड असतो. इंजिन चांगलं तापल्यावर बंद करा, सगळं थांबल्याची खात्री करून पातं हाताने ढकला. अडखळत, जड फिरलं तर ठीक. सुटल्यासारखं गरागरा फिरलं तर कपलिंग गेलं. अशा गाडीला रांगेत न्यूट्रलमध्ये जरा रेझ दिला की काटा खाली येतो, हीसुद्धा एक खूण.

पंखा फिरतोय, तरी गरम

आता कागद घ्या. गाडी चालू, पंखा चालू, आणि वहीचं एक पान समोरच्या जाळीसमोर सोडा. बहुतेक गाड्यांत पंखा रेडिएटरच्या मागे असतो आणि हवा आत ओढतो. कागद कंडेन्सरला चिकटून राहायला हवा. कागद नुसता फडफडून खाली पडला तर हवा जात नाही. उडून तुमच्या अंगावर आला तर कोणीतरी मोटर बदलताना वायर उलटी जोडलीय. कागद फक्त एका कोपऱ्यात चिकटतो, बाकी जाळीवर नाही, असंही होतं. मग पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर आहे का पाहा. अपघातानंतर ते तुटतं आणि 'काय बिघडतंय' म्हणून परत बसवलं जात नाही. त्याशिवाय पंखा आपल्याच मागची गरम हवा फिरवत बसतो.

मग टॉर्च घेऊन जाळ्या. पुढे एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे रेडिएटर, मध्ये बोटभर फट. समोरून सगळं स्वच्छ दिसतं आणि त्या फटीत लाल धूळ, किडे, सुरूची पानं यांचा गादीसारखा थर बसलेला असतो. मागून टॉर्च मारा, पुढून उजेड दिसतो का बघा. किनाऱ्यावर वाळूत गाडी फिरवली असेल तर वाळू आणि खारं पाणी थेट या जाळीत गेलेलं असतं. धुताना साध्या नळीने, मागून पुढे, हलक्या धारेने धुवा. सर्व्हिसिंग सेंटरची जोराची धार जवळून मारली की जाळीच्या पातळ पत्र्या आडव्या पडतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

पत्र्यांवर नख हलकं दाबून पाहा. रेडिएटर दहा-पंधरा वर्षं समुद्राच्या वाऱ्यात राहिला असेल तर खालच्या भागातली ॲल्युमिनियमची पत्री भाजलेल्या पापडासारखी चुरते. नळ्या शाबूत, गळती शून्य, तरीही असा रेडिएटर काम करत नाही, कारण नळीची उष्णता पत्रीत आणि पत्रीची हवेत जायला हवी, ती साखळीच तुटलेली असते. पळताना भरपूर वाऱ्यात निभावतं, उभं राहिलं की नाही. इथे मात्र रेडिएटर बदला, धुण्या-पुसण्यात दिवस घालवू नका.

पाणी फिरतं का, दाब धरतो का

कॅप: खालचं रबर कडक, चिरलेलं असेल किंवा स्प्रिंग ढिली असेल तर नवी आणा, त्याच आकड्याची. हा या यादीतला सर्वात स्वस्त भाग आहे. गाडी तापली की बाटली भरून वाहते आणि गार झाल्यावर पाणी रेडिएटरमध्ये परत जात नाही, ही खराब कॅपची खूण. जास्त आकड्याची कॅप लावून 'पॉवरफुल' करायला जाऊ नका, जुने होज पाइप फुटतील.

बेल्ट: ज्या गाडीत बाहेरचा बेल्ट पंप फिरवतो तिथे तो सैल किंवा चकाकणारा झाला की स्लोमध्ये घसरतो. पंपाच्या पोटाशी छोटं भोक असतं. तिथून ओघळ आला असेल तर सील गेलंय. पुली हाताने हलवून पाहा, खुळखुळली तर बेअरिंग.

थर्मोस्टॅट, म्हणजे गॅरेजमधला 'वॉल', याच्यावर थोडं थांबायला हवं. गाडी गार असताना सुरू करा आणि वरच्या होज पाइपवर हात ठेवा. सुरुवातीला तो कोमट असतो, मग काटा मध्याजवळ आला की अचानक चांगला गरम होतो: वॉल उघडला. काटा चढत गेला आणि पाइप गारच राहिला तर वॉल अडकलाय. काढून पातेल्यात पाण्यात बुडवा आणि गॅसवर ठेवा (पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका). त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या तापमानाला तो उघडायला लागतो आणि उकळत्या पाण्यात चांगला उघडलेला दिसायला हवा. न उघडल्यास नवा, सोबत नवं पॅकिंग.

काढून मात्र टाकू नका. सावंतवाडी-कुडाळकडे तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल, 'हय खंय थंडी पडता? काढून टाकूया वॉल.' वॉल थंडीसाठी नसतो. तो इंजिनला ठरलेल्या तापमानावर आणतो आणि तिथे ठेवतो. तो नसला की हायवेवर इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, तेलात काळा गाळ साचतो. काही इंजिनांत तर वॉल बायपासची वाटही बंद करतो. तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि गाडी उलट जास्त तापते.

पाणी नुकतंच बदललं असेल तर हवा अडकलेली असू शकते. हीटरमधून कधी गरम, कधी गार वारा येतो, डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्याचा आवाज येतो. गार इंजिनावर गाडीचं तोंड चढाला लावा, हीटर गरमवर, कॅप काढलेली, आणि इंजिन चालू करून पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत ठेवा. बुडबुडे येतील, पाणी खाली जाईल, तसं भरत जा. या वेळी तोंड कॅपवर नेऊ नका. पाणी उसळू लागलं तर लांब व्हा. काही गाड्यांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो.

गॅस्केटची भीती

ती बहुतेक वेळा नाहक असते, पण खुणा माहीत हव्यात. गार इंजिन सुरू केल्याबरोबर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच, पाणी तापायच्या आधी, वरचा पाइप दगडासारखा टणक. सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी एका सिलिंडरवर लंगडते आणि मग सावरते. बाहेर गळती नाही, तरी पाणी कमी होतं. सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा धूर. तेलाची कांडी काढल्यावर तेल दुधाळ. पावसाळ्यात तेलाच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय दिसते, विशेषतः गाडी फक्त बाजारापर्यंत जात असेल तर. तेवढ्यावरून घाबरू नका, कांडी पाहा. खात्रीसाठी गॅरेजमध्ये रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रावण लावून तपासतात, सिलिंडरचा गॅस आला की ते पिवळं पडतं. हेड उघडण्याआधी ही तपासणी मागून घ्या.

कधी काटाच खोटं बोलतो. ओबीडी सॉकेट (स्कॅनर जोडायची जागा) असलेल्या गाडीत छोट्या स्कॅनरवर, नाहीतर गनसारख्या थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घरावर खरं तापमान पाहता येतं. दिवे लावले की काटा वर उडी मारत असेल तर अर्थ वायर खराब, इंजिन नव्हे.

दुरुस्तीनंतर

भर दुपारी, उन्हात, एसी लावून गाडी जागेवर अर्धा तास चालू ठेवा. पंखा लागतो आणि एसी बंद केल्यावर बंदही होतो, काटा एका जागी राहतो, एवढं झालं तर गाडी रांगेत उभी राहायला तयार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर कॅप उघडा. पाणी थोडं खाली गेलं असेल तर अडकलेली हवा निघाली, भरा. तिसऱ्या दिवशी पुन्हा बघा. तेव्हाही खाली गेलेलं दिसलं तर हवा नाही, गळती आहे, आणि पुन्हा टॉर्च घेऊन होज पाइपांच्या क्लिपांपासून सुरुवात करावी लागेल.